५० हजार पत्रं, वजन फक्त ६ किलो: महायुद्धात सैनिकांची पत्रं ‘कॉम्प्रेस’ कशी व्हायची?

१३ मे १९४१. इजिप्तमधून निघालेलं एक टपाल ब्रिटनमध्ये पोहोचलं. त्यात सैनिकांनी घरी लिहिलेली सुमारे ५० हजार पत्रं होती आणि सगळ्यांचं मिळून वजन होतं १३ पौंड, म्हणजे जेमतेम ६ किलो. हीच पत्रं नेहमीसारखी पाकिटात घालून पाठवली असती, तर वजन पाऊण टनाच्या आसपास गेलं असतं.

सव्वाशे पटीने कमी! तेही कॉम्प्युटर नसताना, इंटरनेट नसताना.

आपण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो तेव्हा तो गुपचूप लहान होऊन जातो, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून तर प्रिंट काढायची असली की आपण ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगतो. १९४१ मध्ये टपाल खात्याने पत्रांचं जे केलं, ते जवळपास हेच होतं. आणि तेव्हाच्या लोकांना ज्या अडचणी आल्या, त्या वाचताना मला सारखं वाटत होतं की अरे, हे तर आपल्या नेटवर्किंगच्या सिलॅबसमध्ये होतं.

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ

तेव्हा ब्रिटनची मोठी फौज इजिप्त आणि आसपासच्या वाळवंटात होती. भारतीय पलटणीही सोबत होत्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रातला जवळचा रस्ता ब्रिटिश जहाजांसाठी फार धोक्याचा झाला. मग टपालाची जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायला लागली. मॅप उघडा आणि लंडनपासून कैरोपर्यंत हा रस्ता बोटाने फिरवून बघा, म्हणजे अंदाज येईल.

पत्र पोहोचायला कित्येक आठवडे, कधीकधी महिने लागायचे. घरून आलेल्या पत्रात बाळाला ताप आलाय असं लिहिलेलं असेल, तर ते वाचेपर्यंत बाळ बरं होऊन रांगायलाही लागलेलं असायचं. किंवा नसायचं. सैनिकाला यातलं काय झालं ते कळायला पुढच्या पत्राची वाट बघावी लागायची, आणि ते पत्र अजून आफ्रिकेच्या टोकाशी असायचं.

विमानाने पत्रं पाठवावीत तर विमानं कमी आणि त्यांत जागा त्याहून कमी. औषधं, यंत्रांचे सुटे भाग, महत्त्वाची माणसं यांच्यापुढे पत्रांच्या गोण्यांचा नंबर कसा लागणार? म्हणजे वेगवान लिंक होती, पण तिची बँडविड्थ फार कमी होती. अशा वेळी दोनच पर्याय असतात. लिंक मोठी करा, नाहीतर डेटा लहान करा. युद्धाच्या मध्यावर विमानं काही एका रात्रीत वाढणार नव्हती.

पत्राचा फोटो, फोटोचं पत्र

डेटा लहान करण्याच्या या पद्धतीचं नाव एअरग्राफ. तंत्र कोडॅक कंपनीचं. त्यासाठी वापरलेलं रेकॉर्डॅक नावाचं मशीन मुळात बँकांसाठी बनलं होतं. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बँकवाल्याने चेकचे फोटो फिल्मवर काढून ठेवण्यासाठी ते तयार केलं. चेकचा फोटो निघतो, तर पत्राचा का नाही निघणार?

पद्धत अशी होती. टपाल कार्यालयातून एक ठरावीक आकाराचा फॉर्म घ्यायचा. वरच्या चौकटीत पत्ता ठळक, मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि खाली मजकूर. एकाच बाजूला, गडद शाईने. घडी घालायची नाही, पाकिटात भरायचं नाही, उघडाच काउंटरवर द्यायचा. ब्रिटनमध्ये याला तीन पेन्स पडायचे. मग सेन्सॉर तो वाचणार, त्यावर अनुक्रमांक पडणार आणि तो रेकॉर्डॅकच्या पोटात जाणार. तिथे १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर त्याचा नखाएवढा फोटो निघायचा. एका रिळात १,७०० च्या आसपास पत्रं मावायची. ते रीळ विमानात बसायचं. पलीकडे पोहोचलं की प्रत्येक फोटो मोठा करून साधारण ४ बाय ५ इंचांच्या फोटो-कागदावर छापायचा, घडी घालून पाकिटात टाकायचा, आणि पुढचा प्रवास नेहमीच्या टपालासारखा.

म्हणजे मूळ कागद कधी प्रवासाला निघतच नव्हता. सैनिकाच्या हातात पडायची ती त्याची कॉपी.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे मूळ फॉर्मचं पुढे काय व्हायचं. तो लगेच फाडून टाकत नसत. पलीकडून ‘अमुक नंबरपर्यंतचं रीळ मिळालं, प्रिंट नीट आल्या’ असा निरोप येईपर्यंत मूळ फॉर्म जपून ठेवायचे. विमान पडलं, रीळ समुद्रात गेलं, किंवा एखादी फ्रेम धूसर आली, तर त्या नंबरांचे फॉर्म काढून पुन्हा फोटो घ्यायचे आणि पुढच्या विमानाने पाठवायचे. ज्यांनी टीसीपी शिकलंय ते आत्ता हसत असतील. प्रत्येक पॅकेटला नंबर, पोच येईपर्यंत पाठवणाऱ्याकडे कॉपी, पोच नाही आली तर रीट्रान्समिट. आपण इंटरनेटचा शोध म्हणून जे शिकतो त्यातलं बरंचसं टपालवाल्यांना आधीच सुचलेलं होतं, फक्त त्यांनी त्याला नावं दिली नाहीत.

खरं तर फिल्मवर पत्रं पाठवणं याहूनही जुनं आहे. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या फौजेने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा रने डाग्रों नावाच्या फोटोग्राफरने निरोपांच्या अतिसूक्ष्म फिल्म बनवल्या आणि त्या कबुतरांच्या शेपटीच्या पिसाला बांधून शहरात पाठवल्या गेल्या. वाटेत बहिरी ससाणा, थंडी, बंदुका. म्हणून एकच फिल्म अनेक कबुतरांबरोबर पाठवायचे. आत आल्यावर ती पडद्यावर मोठी करून कारकून निरोप उतरवून घ्यायचे.

एअरग्राफने पत्र साधारण दोन-तीन आठवड्यांत पोहोचायला लागलं. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटनमधून बाहेर जाणारी सेवा सुरू झाली, तेव्हा पहिलं पत्र राणी एलिझाबेथ यांनी, म्हणजे आताच्या राजे चार्ल्स यांच्या आजीने, जनरल ऑकिनलेक यांना लिहिलं. पुढच्या वर्षी भारतही या जाळ्यात आला. युद्ध संपेपर्यंत ३० कोटींहून जास्त एअरग्राफ गेले.

लिपस्टिकने मशीन जाम

अमेरिकेने हीच पद्धत १५ जून १९४२ पासून ‘व्ही-मेल’ नावाने सुरू केली. तिथला हिशोब असा सांगतात: दीड लाख एकपानी पत्रांना ३७ गोण्या लागायच्या आणि वजन भरायचं २,५७५ पौंड. फिल्म केल्यावर एक गोणी, ४५ पौंड. म्हणजे सुमारे ५७ पट बचत. मग ब्रिटिशांची सव्वाशे पट कशी? भागाकार करून बघितला तर अमेरिकन हिशोबात एक पत्र ८ ग्रॅमचं धरलंय आणि ब्रिटिश हिशोबात १५ ग्रॅमचं. कॉम्प्रेशनचा रेशो कोणी सांगितला की आधी ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारायचं, ही सवय इथेही कामाला येते.

आता तोटे. हे कॉम्प्रेशन लॉसी होतं, म्हणजे काहीतरी कायमचं गमावून होणारं. अक्षर बारीक असेल तर प्रिंटवर वाचताच यायचं नाही. मजकूर एका पानाच्या पुढे गेला की दुसरा फॉर्म. रंग गायब, सगळं काळं-पांढरं. पाकिटात घालायचं फूल, बाळाच्या जावळाची बट, फोटो यातलं काही पाठवता येत नव्हतं. (अमेरिकेत नवजात बाळाचा फोटो फॉर्मवर चिकटवायला परवानगी होती, तेवढीच सूट.)

आणि लिपस्टिक. बायका आणि मैत्रिणी पत्राच्या शेवटी ओठांचा ठसा उमटवायच्या. तो मेणकट रंग मशीनच्या रोलरला चिकटायचा, पुढच्या पत्रांवर पसरायचा, मशीन बंद पडायचं. टपालवाल्यांनी या प्रकाराला ‘स्कार्लेट स्कर्ज’, म्हणजे लाल संकट, असं नावच ठेवलं होतं. मशीन चालवणाऱ्याची वैतागलेली मान डोळ्यांसमोर येते खरी, पण माझी सहानुभूती ओठ टेकवणाऱ्या बाईकडे जास्त आहे. फॉर्ममध्ये पत्त्याला चौकट होती, तारखेला जागा होती, याला नव्हती.

एक फायदा मात्र आपल्यासारख्यांसाठी मोठा होता. फोटो काढणाऱ्या यंत्राला लिपीशी काही देणंघेणं नसतं. मराठी असो, गुरुमुखी असो, उर्दू असो, शाई गडद असली की झालं. तारेचं तसं नव्हतं, ती रोमन अक्षरांत पाठवावी लागायची. देवनागरी फॉन्ट नीट दिसेना म्हणून आपण कितीतरी वर्षं मराठी मजकुराचे इमेज करून फॉरवर्ड केले, त्याचाच हा पूर्वज.

फोटोही नको, नुसते नंबर पाठवा

काही निरोप दोन आठवडेही थांबू शकत नाहीत. त्यासाठी सैनिकांकरता स्वस्त तार होती, ‘ईएफएम’. तिची गंमत म्हणजे तुम्ही वाक्य लिहायचंच नाही. छापील यादीत ठरलेली वाक्यं आणि प्रत्येकाला एक नंबर. तब्येत बरी आहे, पत्र मिळालं, मुलगा झाला, पैसे पाठवा, अशा पद्धतीची. त्यातली तीन निवडायची. समुद्राखालच्या केबलमधून फक्त आकडे जायचे आणि पलीकडचा कारकून यादी बघून वाक्यं लिहून द्यायचा. इमोजी असाच चालतो. तुमच्या फोनमधून हसरा चेहरा जात नाही, त्याचा युनिकोड नंबर जातो. समोरचा फोन आपल्या यादीत बघून चेहरा काढतो.

पहिल्या महायुद्धात तर याहून कडक प्रकार होता. सैनिकाला एक छापील कार्ड मिळायचं. ‘मी ठीक आहे’, ‘मला दवाखान्यात दाखल केलंय’, ‘तुझं पत्र मिळालं’ अशी वाक्यं आधीच छापलेली. लागू नसलेली खोडायची, खाली सही आणि तारीख. स्वतःचा एक शब्द जरी वाढवला तरी कार्ड नष्ट केलं जाईल, अशी सूचना त्यावरच असायची. मोठ्या लढाईनंतर लाखो घरांना हवी असलेली माहिती एकच असते, ‘जिवंत आहे’. ती या कार्डात मावायची.

एअरग्राफ ३१ जुलै १९४५ ला बंद झाला. नापास झाला म्हणून नाही हं. १९४१ पासूनच पातळ कागदाचं, स्वतःच घडी होऊन पाकीट बनणारं हवाई पत्र सुरू झालं होतं. आपल्याकडच्या निळ्या अंतर्देशीय पत्राच्याच कुळातलं. जशी विमानं वाढली तशी लोकांनी त्यालाच पसंती दिली. जास्त मजकूर, स्वतःचं खरं अक्षर, चिकटवून बंदही करता येतं. बँडविड्थ वाढली आणि कॉम्प्रेशनची गरज संपली.

‘रॉबर्ट स्मिथ’ म्हणजे नेमका कोणता?

आता दुसरा आणि माझ्या मते जास्त अवघड प्रॉब्लेम. पत्र हलकं केलं, विमानात बसवलं. पण पाठवायचं कुठे? सैनिक आज इथे, उद्या तिथे. शिवाय तो कुठे आहे हे घरच्यांनाही सांगायचं नाही, कारण पाकीट शत्रूच्या हाती लागलं तर पलटणीचा ठावठिकाणा कळणार.

यावर सगळ्या फौजांनी काढलेला तोडगा एकच: पत्त्यातून जागाच काढून टाका. पाकिटावर फक्त सैनिकाचा नंबर, नाव, पलटण, आणि फार तर लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक. ती पलटण आज कुठे आहे, ही यादी फक्त लष्करी टपालाकडे. पहिल्या महायुद्धात लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये यासाठी पाच एकरांची लाकडी इमारत उभी केली होती. अडीच हजार माणसं, बहुतेक बायका, आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं निवडायची. फ्रान्समधल्या खंदकात पत्र साधारण दोन दिवसांत पोहोचायचं!

तुमचा मोबाइल असाच चालतो. तुम्ही गोव्याला फिरायला गेलात तरी आई पुण्याहून तोच नंबर लावते. नंबरात गोवा कुठेच नसतो. नेटवर्ककडे एक रजिस्टर असतं, त्यात ‘हा ग्राहक सध्या अमुक भागात आहे’ अशी नोंद सतत बदलत राहते.

पण ही यादी अपडेट नाही झाली तर? १९४४ च्या शेवटी युरोपात तेच झालं. अमेरिकन फौजा भराभर पुढे सरकत होत्या, त्यातच डिसेंबरमध्ये जर्मनांनी मोठा प्रतिहल्ला केला आणि सगळीच पांगापांग झाली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या गोदामांत न पोहोचलेल्या टपालाचे छतापर्यंत ढीग लागले. सुमारे १ कोटी ७० लाख नग. पार्सलांमधल्या केकवर उंदीर पोसले जात होते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथे ६८८८वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन आली. ८५५ जणी, जवळपास सगळ्या कृष्णवर्णीय, प्रमुख मेजर चॅरिटी ॲडम्स. (नेटफ्लिक्सवर २०२४ मध्ये ‘द सिक्स ट्रिपल एट’ नावाचा सिनेमा आला तो यांच्यावरच.) गोदामात ना धड उजेड, ना गरम करायची सोय. खिडक्या विमानहल्ल्याच्या भीतीने काळ्या रंगवलेल्या.

त्यांनी काय केलं? सरळ भाषेत सांगायचं तर डेटाबेस बांधला. युरोपातल्या प्रत्येक अमेरिकन माणसामागे एक कार्ड, अशी सुमारे ७० लाख कार्डं. नावावरून शोधणं शक्यच नव्हतं, कारण एकट्या ‘रॉबर्ट स्मिथ’ नावाचे साडेसात हजार जण होते. मग सैनिकाचा सेवाक्रमांक हीच खरी ओळख. डेटाबेसच्या तासाला प्रायमरी की म्हणजे काय ते शिकवताना हे उदाहरण द्यायला हवं. काही पाकिटांवर तर नावही नसायचं, नुसतं ‘ज्युनियर, यूएस आर्मी’. तिथे आतल्या मजकुरातून, गावाच्या शिक्क्यावरून माग काढायचा. दिवसाला तीन पाळ्या, सातही दिवस, एका पाळीत सुमारे ६५ हजार नग. सहा महिने दिले होते, काम तीन महिन्यांत संपलं.

त्या कार्डांवर आणखी एक नोंद असायची. तो सैनिक मारला गेला असेल, तर पत्र पुढे जायचं नाही, शेरा मारून घरी परत जायचं. आपल्याच अक्षरातलं, न उघडलेलं पाकीट. ते घरच्यांना अधिकृत कळवण्याच्या आधी पोहोचू नये, हेही त्या टेबलावर बसलेल्या मुलींनाच सांभाळायचं होतं.

९ ने सुरू होणारा पिनकोड

आपल्याकडे हीच पद्धत आजही चालू आहे. सैन्यातल्या कोणाला पत्र किंवा राखी पाठवली असेल तर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ लिहिलं असेल. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. भारताच्या पिनकोडमध्ये ९ विभाग आहेत. पहिले ८ नकाशावरचे, आणि ९ ने सुरू होणारा लष्करी टपालाचा, ज्याला नकाशावर जागाच नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. मराठी माणूस, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी.

मधे कोण वाचायचं?

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन? विसरा. एअरग्राफला तर पाकीटच नव्हतं. पण साधी पत्रंही सैनिकाचा स्वतःचा अधिकारी वाचायचा. म्हणजे बायकोला लिहिलेलं पत्र आधी साहेबाच्या हातात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना कधीमधी एक हिरवं पाकीट मिळायचं. ‘यात फक्त घरगुती गोष्टी आहेत’ अशी शपथेवर सही केली की पलटणीत ते उघडायचे नाहीत. मागे तळावर मात्र उघडू शकायचे.

भारतीय सैनिकांच्या वाट्याला वेगळी यंत्रणा आली. सप्टेंबर १९१४ पासून आपले सैनिक फ्रान्समध्ये उतरले. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला लिहिणारा सांगेल तसं लिहून द्यायचा, आणि गावी मास्तर किंवा पोस्टमन सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. म्हणजे नवरा-बायकोचं पत्रही ग्रुपवर टाकल्यासारखंच. १९१५ च्या सुरुवातीला फ्रान्समधून आठवड्याला १० ते २० हजार पत्रं भारतात येत होती. सरकारला भीती होती ती बंडखोरीची. बूलोनमध्ये कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखाली खास भारतीय टपालासाठी सेन्सॉर बसवला. त्याची माणसं निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याला वर अहवाल पाठवायची.

आपली माणसंही काही कमी नव्हती. काहींनी लिहिलं की काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची वापरायला काढलीय. काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला हा मसाला लवकरच कळला. पण सगळंच अडवलं तर सैनिक लिहायचे थांबतील आणि मग त्यांच्या मनात काय चाललंय ते कळणारच नाही, म्हणून बरंच काही जाऊ द्यायचे. वाचून, नोंद करून.

त्या हजारो मूळ पत्रांपैकी आज फार थोडी सापडतात. सेन्सॉरने केलेली इंग्रजी भाषांतरं मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत व्यवस्थित आहेत, आणि त्या सैनिकांचं बोलणं आज आपण वाचतो ते त्यातूनच.

महाराष्ट्रात मात्र अजून सापडण्याची शक्यता आहे. पहिल्या युद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. दुसऱ्यात उत्तर आफ्रिका आणि इटलीत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतल्याच लढायांसाठी. साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंग्यासारखी घरोघरी फौजी असलेली गावं आपल्याकडे आहेत. तुमच्या आजोळी जुन्या ट्रंकेत असं काही निघालं, तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. सपाट ठेवून, उन्हापासून लांब, फ्लॅश बंद करून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर नाही तर ड्राइव्हवर मूळ साइझमध्ये ठेवा. मागची बाजू विसरू नका. एफपीओचा क्रमांक आणि सेन्सॉरचा शिक्का बहुतेक वेळा तिथेच असतो, आणि आजोबा तेव्हा नेमके कुठे होते हे शोधायला तोच लागतो.